बालमजुरी रोखण्यात तरुणांचा वाटा

बालमजुरी म्हणजे मुलाचे शिक्षण, आरोग्य किंवा वाढ हिरावून घेणारे काम. घरातली लहानसहान कामे करणे, सुट्टीत आईवडिलांच्या हाताखाली काही शिकणे याला बालमजुरी म्हणत नाहीत. काम कोणत्या वयात करावे लागते, किती तास करावे लागते, त्यात धोका किती आहे आणि शाळा सुटते का, यावरून ते ठरते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजणीत ५ ते ११ वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी उत्पन्नाचे काम केले तरी ती बालमजुरी धरली जाते. १२ ते १४ वयोगटासाठी ही मर्यादा आठवड्याला १४ तासांची आहे. काम घातक असेल तर १८ वर्षांखालचे प्रत्येक मूल या मोजणीत येते.

या दोन संस्थांच्या २०२५ मधील अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ४० लाख घातक कामांत होती. २००० साली हा आकडा सुमारे २४ कोटी ६० लाख होता. म्हणजे पाव शतकात तो बराच खाली आला. मात्र २०२५ पर्यंत बालमजुरी संपवण्याचे जे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवले होते, ते हुकले. बालकामगारांपैकी सुमारे ६१ टक्के शेती आणि शेतीला जोडलेल्या कामांत आहेत, २७ टक्के सेवाक्षेत्रात आणि १३ टक्के उद्योगांत. कारखान्यात राबणारे मूल हे चित्र डोळ्यांसमोर पटकन येते, पण बहुतांश बालमजुरी शेतात, घरात आणि कुटुंबाच्या कामातच दडलेली असते.

भारतात २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील सुमारे १ कोटी १ लाख मुले काम करताना आढळली. २००१ मध्ये ती १ कोटी २६ लाख होती. वर्षातले सहा महिने किंवा अधिक काम करणारी, म्हणजे जनगणनेच्या भाषेत ‘मुख्य कामगार’ असलेली मुले पाहिली तर महाराष्ट्रात ती सुमारे पाच लाख होती. उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचा क्रमांक लागत होता.

मुले कामाला का लागतात

गरिबी हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. सारख्याच गरीब असलेल्या दोन गावांपैकी एकात सगळी मुले शाळेत जातात आणि दुसऱ्यात निम्मी कामावर असतात, असेही दिसते. फरक पडतो तो गावात चालणारी शाळा आहे का, मोठ्यांना वर्षभर काम मिळते का, घरावर कर्ज किती आहे आणि मूल कामावर जाणे गावाला खटकते का, या गोष्टींमुळे.

ऊसतोडीच्या हंगामात हे सगळे धागे एकत्र दिसतात. बीड, अहिल्यानगर, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या साखर पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादम पावसाळ्यातच जोडप्याला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल देतो. ती रक्कम फेडण्यासाठी टनावर मजुरी असते, त्यामुळे जितके हात अधिक तितकी उचल लवकर फिटते. मूल मोळ्या बांधू लागते, वाढे गोळा करते, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते. शाळेचे दुसरे सत्र बुडते, वर्गात मागे पडते, आणि दोन-तीन हंगामांनंतर शाळा कायमची सुटते. मुलगी वयात आली की तिला गावी एकटे ठेवण्याची भीती वाटते आणि तिच्या लग्नाची घाई होते. बालमजुरी आणि बालविवाह यांची गाठ इथे पडते.

ठाणे, पालघर, रायगड भागातील वीटभट्ट्यांवर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे याच उचलीच्या पद्धतीने जातात. शहरांत चित्र वेगळे असते. मुंबईत धारावी, गोवंडीसारख्या भागांतील जरीकाम आणि चामड्याच्या कारखान्यांतून बिहार, उत्तर प्रदेशातून आणलेल्या मुलांची अनेकदा सुटका झाली आहे. घरकामाला ठेवलेल्या मुली बंद दाराआड असल्यामुळे सर्वांत कमी दिसतात. चहाची टपरी, ढाबा, गॅरेज इथली मुले रोज दिसतात, पण सवयीमुळे कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

मुलाची मजुरी स्वस्त असते आणि ते संघटित होऊन मजुरी वाढवून मागत नाही. म्हणूनच मालक त्याला घेतो. याचा परिणाम मोठ्यांवरही होतो. मुले उपलब्ध असली की प्रौढांची मजुरी दबते, मजुरी दबली की घर पुन्हा मुलाच्या कमाईवर अवलंबून राहते. हे चक्र मुलाला शाळेत टिकवूनच तुटते, असा जगभरच्या कामाचा अनुभव आहे.

कायदा काय सांगतो

तरुणांना काही करायचे असेल तर कायद्याची चौकट नेमकी माहीत असावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद २४ नुसार १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्यावर आधारलेला शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

बालकामगारविषयक मुख्य कायदा १९८६ चा. त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. आता १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवणे गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि घातक प्रक्रिया यांत कामाला ठेवता येत नाही. कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा गुन्हा केला तर एक ते तीन वर्षे कैद होते. हा दखलपात्र गुन्हा असल्यामुळे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता कारवाई करू शकतात.

कायद्यात दोन सवलती आहेत. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल कुटुंबाच्या बिनधोक व्यवसायात मदत करू शकते, आणि सर्कस वगळता मनोरंजन व खेळाच्या क्षेत्रात काही अटींवर काम करू शकते. ‘कुटुंब’ या शब्दात काका, आत्या, मामा, मावशीही येतात. त्यामुळे घरातल्या घरात चालणारे विडीकाम, भरतकाम यांसारखे कंत्राटी काम या सवलतीआड लपते, अशी टीका दुरुस्तीच्या वेळीच झाली होती.

याशिवाय १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उचलीत अडकलेल्या मुलांना लागू होऊ शकतो. २०१५ चा बालन्याय कायदा १८ वर्षांखालील मुलाला कामात जखडून ठेवणाऱ्याला किंवा त्याची कमाई हडपणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड सांगतो. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला आणि त्यातही बालमजुरीवर बंदी आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर किमान वयाविषयीचा १९७३ चा करार आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ चा करार, हे दोन्ही भारताने जून २०१७ मध्ये स्वीकारले.

मुलांनी आणि तरुणांनी उभी केलेली कामे

बालमजुरीविरोधी चळवळीत तरुण पहिल्यापासून आहेत. पाकिस्तानातल्या मुरिदके गावचा इक्बाल मसीह चार वर्षांचा असताना घरच्या कर्जापोटी गालिच्याच्या मागावर बसवला गेला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो सुटला आणि वेठबिगार मुक्ती आघाडीबरोबर इतर मुलांना त्यांच्या हक्कांविषयी सांगू लागला. १९९४ च्या अखेरीस तो पुरस्कारासाठी अमेरिकेत गेला असताना मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी शहरातल्या ब्रॉड मेडोज शाळेतल्या मुलांना भेटला. १६ एप्रिल १९९५ रोजी पाकिस्तानात गोळ्या घालून त्याची हत्या झाली. क्विन्सीच्या मुलांनी पत्रे लिहिण्याची आणि निधीची मोहीम काढली, एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली आणि त्यातून पाकिस्तानात कसूर इथे त्याच्या नावाने शाळा उभी राहिली. इक्बालच्या हत्येच्या बातमीने कॅनडातला बारा वर्षांचा क्रेग किलबर्गर हलला. त्याने वर्गमित्रांना घेऊन ‘फ्री द चिल्ड्रन’ ही संघटना सुरू केली.

१७ जानेवारी १९९८ रोजी फिलिपाइन्समधील मनिला इथून बालमजुरीविरोधी जागतिक पदयात्रा निघाली. भारतातले बालहक्क कार्यकर्ते कैलाश सत्यार्थी तिच्या प्रमुखांपैकी होते. शंभरहून अधिक देशांतून जाऊन ती जूनमध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत पोहोचली तेव्हा तिच्यात स्वतः कामातून सुटलेली मुले होती. वर्षभराने, जून १९९९ मध्ये, बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा करार संमत झाला. २०२० पर्यंत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी तो स्वीकारला होता. संघटनेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. बालमजुरीविरोधी दिवस १२ जूनला पाळण्याची प्रथा २००२ पासूनची आहे. सत्यार्थींना २०१४ साली मलाला युसूफझाईबरोबर शांततेचे नोबेल मिळाले.

महाराष्ट्राच्या शेजारी तेलंगणात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात जे केले त्यातून तरुणांनी सर्वाधिक शिकण्यासारखे आहे. शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेने साधा नियम ठरवला: शाळेत नसलेले प्रत्येक मूल बालकामगार समजायचे. काम कोणते, घातक की बिनधोक, या वादात न पडता मूल पूर्णवेळ शाळेत आहे का, एवढेच पाहायचे. त्यासाठी गावातलेच तरुण पुढे आले. त्यांतले कित्येक घरातले पहिले शिकलेले होते. ते घरोघर जात, पालकांशी बोलत, मालकाला समजावत आणि सुटलेल्या मुलांना निवासी सेतुवर्गांत आणून वयानुसार वर्गात बसण्याइतके तयार करत. सरकारी शाळाच मजबूत करायची, समांतर शाळा काढायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. लाखो मुले या वाटेने शाळेत गेली. सिन्हा यांना २००३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पुढे त्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

कर्नाटकात १९९० मध्ये काम करणाऱ्या मुलांनी ‘भीमा संघ’ ही स्वतःची संघटना काढली. सरसकट बंदीने कामगार मुलांचे नुकसान होते, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, अशी तिची भूमिका. १९९६ मध्ये कुंदापूर इथे अनेक देशांतल्या कामगार मुलांची परिषद झाली. तिथल्या मुलांच्या पंचायतींनी गावातल्या अडचणींची माहिती गोळा करून ती पंचायतीपुढे मांडण्याची रीत पाडली. ‘पूर्ण बंदी’ आणि ‘आधी मुलांचा आवाज’ हे दोन्ही विचार आजही चर्चेत आहेत. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी ठरवू नये, हे दुसऱ्या विचाराकडून घेण्यासारखे आहे.

पहिले काम: माहिती

बालमजुरीविरोधात तरुणांचे सर्वांत मोठे बळ म्हणजे जवळीक. कामगार निरीक्षक वर्षातून एकदा येईल. गल्लीतला तरुण रोज तिथून जातो. कोणत्या घरातले मूल शाळेत जात नाही, कोणत्या हॉटेलात नवा मुलगा दिसू लागला, कोणत्या इमारतीत पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच मुलगी कामाला असते, हे शेजाऱ्यालाच आधी कळते.

गावात किंवा वस्तीत शाळाबाह्य मुलांची यादी करणे हे पाच-सहा जणांच्या गटाला जमणारे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अपेक्षित असते. श्रमदानाबरोबर घरोघर पाहणी हा या शिबिराचा उपयुक्त भाग होऊ शकतो. यादीत मुलाचे वय, शेवटची इयत्ता, शाळा कधी सुटली, कुटुंब स्थलांतर करते का, आधार किंवा जन्मदाखला आहे का, एवढ्या नोंदी पुरतात. पटावर नाव असूनही महिनोन्‌महिने न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा रकाना हवा, कारण कागदावर ती शाळेतच दिसतात.

यादी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि गावाच्या बाल संरक्षण समितीकडे द्यायची. सार्वजनिक फलकावर किंवा व्हॉट्सॲप गटात ती टाकू नये. मुलांची नावे उघड झाली तर मालक त्यांना दुसरीकडे हलवू शकतो आणि घरच्यांवर दबाव येतो.

दुसरे काम: तक्रार

मूल कामावर आढळले तर मुलांसाठीच्या १०९८ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही कळवता येते. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या ‘पेन्सिल’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. त्याखेरीज जिल्ह्याचे कामगार कार्यालय, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, पोलीस ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि बालकल्याण समिती यांच्याकडे लेखी अर्ज देता येतो. तक्रार करण्यासाठी मुलाचे नातेवाईक असावे लागत नाही.

चांगल्या तक्रारीत ठिकाणाचा पूर्ण पत्ता आणि खूण, कामाचा प्रकार, मुलांची अंदाजे संख्या आणि वय, कामाची वेळ आणि मुले तिथेच राहतात का, हे असावे. ‘अमुक बाजारात मुले काम करतात’ एवढ्या माहितीवर पथकाला काही करता येत नाही. लेखी अर्जाची पोच घ्यावी. काही दिवसांत हालचाल दिसली नाही तर त्या पोचेच्या आधारे जिल्हाधिकारी किंवा राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. माहिती अधिकारात तक्रारीवर काय कारवाई झाली हेही विचारता येते.

तरुणांनी स्वतः छापा घालू नये. मालकाशी हुज्जत, मुलाला हात धरून बाहेर काढणे, चित्रीकरण करून ते समाजमाध्यमांवर टाकणे, यांतून मुलालाच धोका होतो. मालक सावध होतो, पुरावा नाहीसा होतो, मूल दुसऱ्या गावी जाते. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा बालन्याय कायद्यानुसार गुन्हाच आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

सुटकेनंतर

कामगार विभाग, पोलीस आणि बाल संरक्षण कक्ष यांच्या पथकाने सुटका केली की मुलाची वैद्यकीय तपासणी आणि वयाची पडताळणी होते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे नेले जाते. घरी पाठवायचे की काही काळ बालगृहात ठेवायचे हे समिती ठरवते. दुसऱ्या राज्यातले मूल असेल तर तिथल्या समितीकडून घरची चौकशी होते. मालकाकडून वसूल झालेला दंड आणि सरकारचे १५,००० रुपये मुलाच्या नावे पुनर्वसन निधीत जमा करण्याची तरतूद आहे. वेठबिगारी सिद्ध झाली तर मुक्ती दाखला मिळतो आणि केंद्राच्या योजनेत अशा मुलासाठी दोन लाख रुपयांपर्यंत मदत आहे. मात्र पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्यामुळे ती मिळायला उशीर होतो.

इथेच बहुतेक प्रयत्न गळतात. सुटकेची बातमी छापून येते आणि सहा महिन्यांनी तेच मूल दुसऱ्या कारखान्यात सापडते. घरचे कर्ज तसेच असते, दलाल पुन्हा दारात येतो. म्हणून मूल ज्या गावी परतते तिथल्या तरुणांची भूमिका सुटका करणाऱ्यांइतकीच महत्त्वाची ठरते. बँक खाते उघडून देणे, मुक्ती दाखल्याचा पाठपुरावा करणे, पालकांना रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि शिधापत्रिका मिळवून देणे ही कामे किचकट आहेत, पण फॉर्म भरता येणाऱ्या, कार्यालयात बिचकून न जाणाऱ्या तरुणाला ती जमतात. आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. पात्र असूनही अर्ज न केलेली घरे जवळजवळ प्रत्येक वस्तीत सापडतात.

शाळेत आणणे आणि टिकवणे

शाळा ‘दाखला नाही’, ‘वय जास्त आहे’, ‘वर्ष अर्धे संपले’ असे म्हणून मुलाला परत पाठवते, असे वारंवार घडते. शिक्षण हक्क कायद्याने ही तिन्ही कारणे मोडीत काढली आहेत. वयाचा पुरावा नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून मूल थांबवता येत नाही. कधीही शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार इयत्तेत बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. हा कायदा माहीत असलेला एक तरुण पालकांबरोबर शाळेत गेला तरी कित्येकदा प्रश्न सुटतो.

त्यापुढचे काम अभ्यासाचे. बारा वर्षांचे मूल वाचता येत नसताना सहावीत बसले तर लाजेनेच पळून जाते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संध्याकाळी तासभर चालवलेला वर्ग अशा मुलासाठी मोलाचा असतो. वाचन आणि अंकगणित या दोनच गोष्टींवर भर दिला, मुलाला वयावरून चिडवू दिले नाही आणि वर्ग रोज ठरलेल्या वेळी भरला, तर काही महिन्यांत मूल वर्गात तोंड उघडू लागते. अनियमित वर्ग मात्र उलटा परिणाम करतो. मुलाने दारात उभे राहावे आणि शिकवणारा येऊ नये, असे दोनदा झाले की विश्वास उडतो.

वर्गमित्रांचाही वाटा आहे. एखादे मूल सलग तीन-चार दिवस आले नाही तर त्याच्या घरी जाणे, हे शाळेतल्या मुलांना सर्वांत सहज जमणारे काम. शाळा कायमची सुटण्याआधी गैरहजेरी वाढत जाते आणि तो बदल आधी वर्गातल्या मुलांच्या लक्षात येतो.

स्थलांतर थांबवता आले नाही तर

ऊसतोड किंवा वीटभट्टीसाठी जाणाऱ्या कुटुंबाला ‘जाऊ नका’ सांगून उपयोग नसतो. मुले मागे राहतील अशी सोय करावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुले गावात राहतात, शाळेत जातात आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था होते. ती वेळेवर सुरू होणे हा कळीचा मुद्दा आहे. कुटुंबे दिवाळीच्या आसपास निघतात. वसतिगृहाला मंजुरी त्यानंतर आली तर मुले गेलेली असतात. म्हणून गणपतीच्या सुमारासच गावातून कोण जाणार याची यादी तरुणांनी तयार केली आणि शाळा व्यवस्थापन समितीने प्रस्ताव लवकर पाठवला, तर फरक पडतो.

आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक ही सोय आहे. गावची शाळा ते देते आणि त्यावर मूल कामाच्या ठिकाणच्या शाळेत बसू शकते. कारखान्याच्या परिसरात पूर्वी चाललेल्या साखरशाळा आणि वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने सुरू केलेल्या भोंगा शाळा याच गरजेतून आल्या. साखर पट्ट्यातल्या तरुणांनी आपल्या शिवारातल्या कोप्यांवर जाऊन किती मुले शाळेबाहेर आहेत ते मोजले आणि जवळच्या शाळेला कळवले, तर पत्रकाचा कागद खऱ्या प्रवेशात उतरतो. राज्यातल्या बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचे काम करणाऱ्या, शिक्षकांना अशा माहितीची नेहमीच गरज असते.

खरेदी, बहिष्कार आणि त्यांच्या मर्यादा

झारखंड-बिहारमधील अभ्रक, संकरित कापूस बियाण्याचे परागीकरण, आफ्रिकेतील कोको, हातमागाचे गालिचे अशा अनेक मालांच्या साखळीत मुलांचे श्रम सापडले आहेत. गालिच्यांसाठी १९९४ मध्ये सुरू झालेले रगमार्क, आताचे गुडवीव्ह, हे चिन्ह बालमजुरीविना विणलेल्या मालाची तपासणी करते. कंपनीला ‘तुमचा माल कुठून येतो’ असे विचारणारी पत्रे तरुण ग्राहक लिहू शकतात, आणि अशा दबावाने काही उद्योगांना साखळी तपासणे भाग पडले आहे.

पण घाईचा बहिष्कार मुलांवरच उलटू शकतो. अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीने बनलेल्या मालाच्या आयातीवर बंदी आणणारे विधेयक मांडले, तेव्हा ते मंजूर होण्याआधीच बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी सुमारे ५०,००० मुलांना काढून टाकले. त्यांच्यासाठी शाळेची सोय नव्हती. पुढच्या पाहणीत त्यांतली अनेक मुले दगड फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांत आढळली. जुलै १९९५ मध्ये तिथल्या कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा करार झाला. त्यात शाळा आणि विद्यावेतनाची सोय आधी व मुलाला कामावरून काढणे नंतर, असा क्रम ठरला. घर आणि शेजार यांनाही हाच क्रम लागू आहे. शेजाऱ्यांकडे कामाला असलेल्या मुलीला एका दिवसात घरी पाठवून दिले, तर ती कुठे जाते हे पाहणारे कोणी उरत नाही.

स्वतःच्या घरापासून सुरुवात करणे मात्र सगळ्यांना शक्य आहे. घरात अल्पवयीन कामगार ठेवणार नाही, लग्नसमारंभात वाढपी म्हणून मुले आणणाऱ्या केटररला काम देणार नाही, अशी अट घालता येते. गृहनिर्माण संस्थेने हा ठराव सर्वसाधारण सभेत केला तर तो एका घरापुरता राहत नाही.

ग्रामसभा आणि धोरण

१८ वर्षे पूर्ण झालेला तरुण ग्रामसभेचा सदस्य असतो. ‘गावात १८ वर्षांखालील एकही मूल शाळेबाहेर राहणार नाही’ असा ठराव, त्यासोबत जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तीन महिन्यांनी आढावा, असे लिहून घेता येते. नुसता ठराव इतिवृत्तात पडून राहतो. पंचायतराज मंत्रालयाच्या शाश्वत विकासाच्या नऊ विषयांत बालस्नेही गाव हा एक विषय आहे. त्यामुळे ग्रामविकास आराखड्यात मुलांसाठी निधीची मागणी करता येते. १८ वर्षांखालच्यांना बालसभेत बोलता येते आणि गावाच्या बाल संरक्षण समितीतही मुलांचे प्रतिनिधी अपेक्षित आहेत. समिती कागदावरच असेल तर ती शेवटची कधी बसली हे विचारण्यापासून सुरुवात होते.

पथनाट्य, प्रभातफेरी आणि भित्तिपत्रके यांनी विषय लोकांपर्यंत जातो. मात्र १२ जूनला फेरी काढून थांबलेल्या गटाचा परिणाम टिकत नाही. फेरीच्या शेवटी १०९८ हा क्रमांक प्रत्येक दुकानात चिकटला आणि शाळाबाह्य मुलांच्या नोंदीसाठी नावे मिळाली, तर तिचा उपयोग झाला.

यश कसे मोजावे

किती छापे पडले, किती मुले सुटली, या आकड्यांवर समाधान मानण्याचा मोह होतो. तरुणांच्या गटासाठी अधिक खरी मोजपट्टी चार प्रश्नांची आहे. पाहणीतली किती मुले आज वर्गात आहेत? वर्षभरानंतरही त्यांची हजेरी टिकली का? त्यांच्या घरी मोठ्या माणसाला काम किंवा योजनेचा लाभ मिळाला का? आणि त्यांच्या जागी दुसरे मूल कामाला लागले का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर मूल बदलले, मजुरी तशीच राहिली. या चार उत्तरांची नोंद दर सत्राच्या शेवटी करणारा गट पुढच्या वर्षी कोणत्या घरी जायचे, कोणत्या कार्यालयात पाठपुरावा करायचा आणि कोणत्या महिन्यात वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवायचा, हे आधीच ठरवू शकतो.